भूकंपानंतरची शास्त्रीय माहिती एका जागी आणताना: माझा अनुभव

मराठवाड्यात भूकंपाचे पुरावे गोळा करायचे म्हणजे वखराशी शर्यत. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, रब्बीच्या तोंडावरचा. काळ्या रानातली भेग एका पाळीत मिटते आणि ती परत कुणाला दाखवता येत नाही. म्हणून मी पथकं वाटताना आधी रानातल्या भेगा आणि विहिरी-बोअरचं पाणी घेतो, घरांची नोंद त्यानंतर. बचावासाठी ढिगारा उपसत असतील तिथे आपण आड यायचं नाही, जमेल तेवढे फोटो लांबून घ्यायचे.

खरा घोळ रानात होत नाही, माहिती जुळवताना होतो.

सगळ्यात फसवी गोष्ट वेळ. किल्लारीचा धक्का आपल्याकडे पहाटे 3.56 चा, पण जागतिक वेळ साडेपाच तास मागे, म्हणून परदेशी यादीत तो 29 तारखेला सापडतो. हिंगोली-नांदेडकडे 21 मार्च 2024 ला सकाळी 6.08 ला 4.5 चा धक्का बसला आणि अकरा मिनिटांनी 3.6 चा. अशा वेळी ‘किती वाजता हललं?’ एवढ्यावर भागत नाही. ‘पहिला की दुसरा?’ हा रकाना फॉर्मात हवाच.

मग जागा. अक्षांश 18 अंश 30 मिनिटे म्हणजे 18.5, कुणी ते 18.30 लिहिलं की ठिपका सुमारे 22 किलोमीटर दक्षिणेला जातो. आम्ही फक्त दशांश अंश घेतो, दशांश चिन्हानंतर पाच आकडे. गावाच्या नावावर तर विसंबूच नये. बुद्रुक-खुर्द आहेतच, शिवाय 1993 नंतर किल्लारीसारखी गावं नव्या जागी वसली, त्यामुळे जुनं गावठाण की पुनर्वसित गाव हे स्पष्ट लिहायचं. जनगणनेचा गाव कोड, शेत असेल तर गट नंबरही.

भेगेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवूनच काढायचा आणि व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. साधा फोटो पाठवला तर त्यातली जागा आणि मूळ वेळ गळून जाते. लांबी, रुंदी, दिशा, आणि एक बाजू किती उचलली, हे जागेवरच मोजायचं. वाळलेल्या काळ्या मातीच्या भेगा जाळीसारख्या असतात आणि दोन्ही काठ एका पातळीत राहतात. भेग एका रेषेत बांध, रस्ता, मुरूम ओलांडत गेली असेल आणि एक काठ वर असेल, तर ती भूकंपाची असू शकते; त्याच दिवशी भूवैज्ञानिकाला तिथे न्यायचं आणि शेतकऱ्याला तेवढी जमीन न वखरता सोडायची विनंती करायची.

घरांच्या बाबतीत ‘गाव उद्ध्वस्त’ हा शेरा मी परत पाठवतो. दगड-मातीच्या जाड भिंतीचे दोन थर जोडदगडाने (दोन्ही थरांत आरपार जाणाऱ्या दगडाने) बांधलेले नसले की माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, ओझ्याखाली फुगून सुटतात. शेजारचं आरसीसी उभं राहतं. घरांच्या प्रकारवार मोजलं तरच तीव्रता, म्हणजे त्या जागी धक्का किती जोराचा होता, ते ठरतं. ही तीव्रता ठरवायच्या एमएसके मोजपट्टीत ‘थोडी’ घरं म्हणजे सुमारे 5 टक्के, ‘बरीच’ 50, ‘बहुतेक’ 75. आणि जिथे काहीच जाणवलं नाही, त्या गावाचीही नोंद हवी; नाहीतर धक्क्याची हद्द आखायची कशी?

संध्याकाळी सातला सगळी पथकं एका वहीवर येतात. प्रत्येक नोंदीला एकच क्रमांक, खाली पाहणाऱ्याचं नाव, आणि ‘डोळ्यांनी पाहिलं’ की ‘ऐकलं’ हा शेरा. चूक सापडली तर जुनी ओळ पुसायची नाही. आडवी रेघ मारून खाली नवी ओळ, तारखेसह.