सांदवाडीतील नाली

रविवार, १९ एप्रिल

खरेदीखताची नोंदणी होऊन आज बारा दिवस झाले आणि घराची किल्ली हाती येऊन नऊ. या नऊ दिवसांत मी एकही भिंत पाडली नाही आणि सिमेंटची एक गोणीही आणली नाही. सकाळची शाळा आटोपली की रोज तिथे जाऊन मी घर पाहत बसते. कोणत्या भिंतीवर ऊन किती वाजता येते, कोणत्या कोपऱ्यात ओलीचा वास आहे, कोणता वासा पोकळ वाजतो, हे सगळे एका वहीत लिहून ठेवते.

देवळी तालुक्यातील या गावी मी अकरा वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तितकीच वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत, टिनपत्र्याच्या छपराखाली राहते. वैशाखात त्या खोल्यांत दुपारी बसवत नाही. कूलर लावला तरी तो तापलेली हवाच फिरवतो. मागच्या वर्षी हे घर विक्रीला असल्याचे कळले तेव्हा ते मी पाहिले ते मे महिन्यातील दुपारी दोन वाजता, आणि शाळेच्या विज्ञानपेटीतील तापमापी मुद्दाम सोबत नेली. माझ्या खोलीत पारा ४१ अंशांवर होता, तर या घराच्या माजघरात पंखाही नसताना तो ३३ वर थांबला. घेण्याचा निर्णय मी त्या दुपारीच मनाशी केला होता. पुढचे सगळे वर्ष कागदांत गेले.

घर सत्तर वर्षांचे तरी असावे, असे गावातील वृद्ध सांगतात. पुढे सपरी म्हणजे ओसरी, मग बैठक, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे सांदवाडी म्हणजे परसू, तिच्यात सीताफळाची दोन झाडे. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि बावीस इंच जाडीच्या आहेत, खांब आणि आडे सागवानी आहेत, वर कवेलू म्हणजे मातीची कौले. आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, आणि घर पांढरीच्या मातीचे बांधण्यामागे जाणत्यांचा अनुभव होता. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे तिच्यावर वरवर पाया घेतलेल्या पक्क्या घरांनाही दोन-चार वर्षांत तिरप्या भेगा पडतात. या घराचा दगडी पाया मुरमापर्यंत नेलेला आहे, हे मी एका कोपऱ्यात खणून स्वतः पाहिले.

कागदांविषयी थोडे लिहून ठेवते, कारण पुढे कोणी विचारले तर सांगता यावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. तरीही गावोगावी घरांचे व्यवहार केवळ त्या एका कागदावर होतात. आमच्या गावठाणाची मोजणी २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने झाली होती, म्हणून मिळकत पत्रिका मिळाली आणि चतु:सीमा स्पष्ट झाल्या. एका बँकेने मातीच्या भिंती ऐकताच कर्जाचा अर्ज परत केला, तेव्हा भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली. खरेदी माझ्या एकटीच्या नावे केली, आणि स्त्रीच्या नावे निवासी घर घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे, तीही मिळाली.

मात्र सर्वांत जास्त वेळ गेला तो सह्यांत. विकणारे दोघे भाऊ पुण्याला असतात. त्यांच्या दोन बहिणींचे हक्कसोडपत्र करून घेऊ, म्हणजे काम सोपे होईल, असे मला अनेकांनी सुचवले. मला ते पटले नाही. वडिलांच्या मिळकतीत मुलींचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही त्यांना मुलांइतकाच हक्क दिला आहे. बहिणींनी हक्क सोडून दिलेल्या घरात राहायला जाण्यापेक्षा चौघांनीही विक्रेते म्हणून सही करावी आणि चौघांनाही रक्कम मिळावी, असा आग्रह मी धरला. दोन महिने जास्त लागले, परंतु भावांनीही अखेर ते मोकळेपणाने मान्य केले.

त्या आग्रहामुळेच थोरल्या बहिणीची आणि माझी भेट झाली, आणि आज हे सगळे लिहायला बसण्याचे कारणही तीच भेट आहे. सत्तरीच्या जवळ आलेल्या त्या मावशी हिंगणघाटकडील सासरगावाहून सहीसाठी आल्या आणि नोंदणी झाल्यावर म्हणाल्या की मला एकदा घर पाहायचे आहे. मी त्यांना घेऊन आले. त्या आधी सपरीत थांबल्या, मग माजघरातल्या भिंतीतील कोनाड्यावरून हात फिरवला आणि सरळ स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी गेल्या. या भिंतीला खालून अडीच फुटांपर्यंत ओल आहे. आतला सिमेंटचा गिलावा पापुद्र्यांसारखा सुटला आहे आणि त्याच्यामागची माती बोटाने उकरता येते. आदल्याच आठवड्यात घर दाखवण्यासाठी बोलावलेले मिस्त्री हीच भिंत पाहून म्हणाले होते, “मॅडम, मातीत पैसा कायले घालता? पाडा अन् स्लॅब टाका.” मावशींनी भिंतीला तळहात लावला आणि म्हणाल्या, “थे भित पहिले ओली नाई होत होती. मांगची नाली बुजली, तवापासून ओल धरते. बाबानं दगडाची नाली काढली होती, सीताफळाखालून गल्लीपर्यंत.”

भावांना ही नाली आठवत नव्हती. न्हाणीचे पाणी, भांड्यांचे पाणी, पावसाळ्यात छपराचे पाणी या सगळ्याची वाट ज्यांच्या हातून रोज झाडली जात होती, त्यांनाच ती ठाऊक होती.

मिस्त्री वाईट हेतूने बोलले नाहीत. गावात गेल्या वीस वर्षांत मातीचे काम मागणारेच उरले नाहीत, मग त्यांनी तरी दुसरे काय सुचवावे? मात्र सिमेंटच्या गिलाव्याने या भिंतीचे नुकसानच केले आहे, याची मला आता खात्री झाली आहे. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि दोन्ही अंगांनी ती हवेत सोडते. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो, ओल आतच कोंडते, माती मऊ होते आणि शेवटी गिलावा मातीसकट गळून पडतो. म्हणून क्रम ठरवला आहे: आधी नाली मोकळी करायची, मग खालचा सगळा सिमेंटचा गिलावा काढून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवायची, आणि ती कोरडी झाल्यावर पांढऱ्या मातीत गव्हाचे कुटार म्हणजे भुसा कालवून, आठ-दहा दिवस भिजत ठेवून, पायाने तुडवून त्याचा गिलावा करायचा. वरून शेणमातीचा हात आणि चुना.

छपराचा प्रश्न अधिक अवघड आहे. वानरांनी कवेलू फोडले की दर पावसाळ्यापूर्वी ते फेरावे लागतात, आणि गावातील कुंभारांनी कवेलू थापणे केव्हाच थांबवले आहे. लोकांनी टिन टाकले ते आळसापोटी नव्हे, हे मी समजू शकते. मी खाली टिन आणि वर कवेलू असा विचार करते आहे, म्हणजे गळती थांबेल आणि मातीचे छप्पर उन्हालाही अडवेल. पाडल्या जाणाऱ्या घरांतून कवेलू विकत मिळतात. सागाचे आडे शाबूत आहेत, पण बांबू उदईने म्हणजे वाळवीने आणि भुंग्याने खाल्ले आहेत, ते सगळे बदलावे लागतील. मृग लागण्याआधी हे होणे आवश्यक आहे. संडास आणि न्हाणी मात्र मी विटा-सिमेंटचीच बांधणार आहे, मूळ भिंतींपासून दूर, सांदवाडीच्या टोकाला, म्हणजे पाण्याचा आणि मातीचा संबंध येणार नाही. विजेच्या तारा नव्याने ओढून अर्थिंग करायचे आहे, त्यात काटकसर नाही.

दरवर्षी मी मुलांना सेवाग्रामला नेते. १९३६ मध्ये गांधीजी तेव्हा शेगाव म्हटल्या जाणाऱ्या त्या गावी राहायला आले आणि तिथली आदि निवास व बापूकुटी ही घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांचीच आहेत. इतकी वर्षे मी तिथे मुलांना इतिहास सांगत आले; या वर्षी मी भिंतीचा पायथा, छपराची पुढे काढलेली वळचण आणि पाणी कुठून वाहून जाते हे पाहत होते. त्या भिंती टिकल्या आहेत, कारण त्यांना कोणाचा तरी हात सतत लागतो.

आज सकाळी दोन मजूर बोलावून सीताफळाखाली खणायला लावले. दीड फुटावर फावडे दगडाला लागले. दोन्ही बाजूंना उभे दगड, तळाला फरशी, आत घट्ट बसलेला गाळ आणि सीताफळाच्या मुळांचे जाळे. मुळे न तोडता हाताने गाळ काढण्यात दुपार झाली. चार वाजता भिंतीपाशी दोन बादल्या पाणी ओतले. ते आधी थबकले, मग हळूहळू पुढे सरकत गल्लीतल्या गटारात उतरले. मी मावशींना फोन करून सांगितले. त्यांनी विचारले की मधल्या वळणावरचा मोठा दगड जागेवर आहे का, तो निघाला असेल तर पाणी पुन्हा तुंबेल. मी कंदील घेऊन गेले आणि पाहून आले. दगड जागेवर आहे.

भिंतीवर ओल जिथे संपते तिथे मी कोळशाने रेघ ओढून तारीख लिहिली आहे. पुढची रेघ १ मे रोजी ओढायची.