'मी जातो' की 'मी जाते': कुमार कादंबरीच्या प्रुफांचा माझा अनुभव

लिहिणं, टाइप करणं, प्रकाशक मिळणं यात काही अडलं नाही. अडलं ते प्रुफात. एका क्रियापदापायी तीन फेऱ्या गेल्या.

कादंबरीत गोष्ट सांगते ती बेळगावजवळच्या खानापूरकडची नववीतली मुलगी. आपल्याकडच्या मुली 'मी जातो', 'मी आलो' असंच बोलतात. बेळगावपासून वर कोल्हापूरपर्यंत ते कुणाला खटकत नाही. मुद्रितशोधकांना मात्र ती व्याकरणाची चूक वाटली. निम्म्या ठिकाणी त्यांनी 'जाते', 'आले' केलं, निम्म्या जागा नजरेतून सुटल्या. एकाच पानावर पोरगी दोन तऱ्हांनी बोलायला लागली! आपल्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. 'येणार होतो, खरं जमलं नाही' यातल्या 'खरं'चं 'खरंच' झालं आणि वाक्याची कुरकुर गेली, नुसती कबुली उरली.

फाइंड-रिप्लेसनं हे परत फिरवता येत नाही. पाहुणेही 'आले' असतात, आईही बाजाराला 'जाते'. सगळं एकदम बदललं की त्यांचीही वाट लागते. त्यातून दुरुस्त्या कागदावर झालेल्या, म्हणजे मूळ फाइल शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहणं आलं. राग अजून गेलेला नाही. चौदा वर्षांच्या वाचकाला आपल्यासारखं बोलणारी मुलगी पुस्तकात क्वचितच भेटते, तीही पुसली जात होती.

हस्तलिखितासोबतच एका पानाची यादी द्या: बोलीतला शब्द, अर्थ, पुढे 'असाच ठेवा'. निवेदक मुलगी आहे हे पहिल्या अर्ध्या पानात कळू द्या. आईची 'अगं' अशी एक हाक पुरते. नाहीतर पुण्याचा वाचक तिला मुलगा समजून पुढे जातो. कन्नड शब्दांचे अर्थ कंसात नकोत, पुढच्या वाक्यातून उलगडू द्या. शाळेची सूचना, सरांचं पत्र प्रमाण मराठीत असू द्या, म्हणजे तिची बोली उठून दिसते.

हे आधीच सांगायला हवं होतं: श्रीलिपीतला (जुन्या फॉन्टमधला) मजकूर युनिकोडमध्ये आणलात तर रफार आणि 'ऱ्या' आधी तपासा. आणि छापायला देण्यापूर्वी एक प्रकरण नववीच्या वर्गात मोठ्यानं वाचा. पोरं जिथं चुळबुळ करतात तिथं खूण करा. बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना जा. बोलीत लिहिणारी माणसं तिथं भेटतात, त्यांना यादी दाखवा.

शेवटच्या फेरीत 'मी' शोधत गेलं की बरंच सापडतं. 'मी' गाळून आलेली क्रियापदं तरीही निसटतात, ती डोळ्यांनीच धरावी लागतात.