जुन्याला सात खून माफ

'जुरासिक पार्क म्हणजे १९९३चाच, बाकी सगळी भेसळ,' असं म्हणणाऱ्यांच्या गटात मी आहे आणि तिथून हलायचा माझा इरादा नाही. फक्त आमच्या गटातले लोक जी कारणं देतात ना, त्यातली निम्मी फुसकी आहेत.

हे लक्षात आलं ते भाच्यामुळे. त्याने आधी २०१५चा 'जुरासिक वर्ल्ड' पाहिला आणि मग जुना. उलट्या क्रमाने पाहणाऱ्याला आठवणींचं ओझं नसतं. टी-रेक्सचा तो प्रसिद्ध पावसातला सीन चालू होता, मी श्वास रोखून बसलेली, आणि हा म्हणतो, "मावशी, आत्ता तो डायनासोर सपाट जमिनीवरून चालत बाहेर आला ना? मग गाडी ढकलली तिथे एवढी खोल दरी कुठून आली?"

बरोबर आहे त्याचं. कुंपणाशी टी-रेक्सच्या खाण्यासाठी ठेवलेली बकरी उभी होती ती रस्त्याच्या पातळीला, आणि थोड्याच वेळात त्याच कुंपणापलीकडे गाडी झाडात जाऊन अडकते. आमच्यासारख्या चाहत्यांनी यावर चक्क नकाशे काढलेत, दरी जरा बाजूला होती वगैरे. आणि हेच लोक 'जुरासिक वर्ल्ड'मधली नायिका उंच टाचांच्या चपला घालून पळते म्हणून आजही नाकं मुरडतात! तिच्या टाचांसाठी कोणी नकाशा काढला नाही.

दुसरं लाडकं कारण: 'तेव्हा सगळं खरं होतं, आता नुसतं कम्प्युटरचं.' अहो, पहिल्यांदा दिसतो तो महाकाय ब्रॅकियोसॉरस कम्प्युटरचाच आहे. गॅलिमिमसचा धावता कळपही. यांत्रिक प्राणी बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या टीमने पूर्ण आकाराचा यांत्रिक टी-रेक्स बांधला होता हे खरं, पावसात त्याची फोमची कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि तो थरथरायला लागायचा, हेही खरं. पण २०१५मध्ये मरणासन्न अ‍ॅपॅटोसॉरसचं डोकंसुद्धा यांत्रिकच बनवलं होतं. तो सीन मला आवडतो, हे गटात बोलायची सोय नाही.

मग जुना सरस का? माझ्या मते, तो थांबायला लावतो. टी-रेक्स पडद्यावर येतो तोवर तासभर उलटलेला असतो. त्याआधी काय दिसतं? डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास आणि त्यात उमटणारी गोल वलयं. ती वलयं मिळेनात म्हणून शेवटी डॅशबोर्डखालून गिटारची तार लावून ती छेडली होती. एक तार, एक ग्लास, आणि थिएटरभर लोक खुर्चीला चिकटलेले. मग बकरी गायब. मग काचेवर तिचा पाय येऊन आदळतो. जनावर अजून नीट दिसलेलंसुद्धा नसतं आणि आपली गाळण उडालेली असते.

'जुरासिक वर्ल्ड'ला एवढा धीर नाही. गंमत म्हणजे हे त्या सिनेमालाच ठाऊक आहे. लोकांना आता साध्या डायनासोरचं कौतुक उरलं नाही, म्हणून प्रयोगशाळेत आणखी मोठा, आणखी दातांचा प्राणी तयार करायचा, हीच तर त्याची गोष्ट! स्वतःची चुगली इतक्या मोकळेपणाने करणारा सिनेमा विरळाच, आणि त्यासाठी मी त्याला दोन मार्क जास्त देते.

'स्टार वॉर्स'वाल्यांचं तर विचारूच नका. १९९९मध्ये त्या मालिकेतल्या 'द फँटम मेनेस'ला जुन्या चाहत्यांनी धू धू धुतलं होतं, जार जार बिंक्स साकारणाऱ्या अहमद बेस्टला नको नको ते ऐकावं लागलं. तेव्हा जी पोरं तो सिनेमा बघून हरखली होती, ती आता मोठी झालीत आणि नव्या भागांना तोच सिनेमा दाखवून दटावताहेत.

२०२५चा 'जुरासिक वर्ल्ड: रीबर्थ' मात्र आम्हा दोघांनाही एका जागी गप्प करून गेला. नदीतला तराफा आणि मागे टी-रेक्स. "बघ, नव्यात पण दम आहे," भाचा म्हणाला. मी त्याला सांगितलं, हा प्रसंग मूळच्या १९९०च्या कादंबरीतला, पहिल्या सिनेमात घ्यायचा राहून गेला होता. आणि लेखकही तोच, डेव्हिड केप, ज्याने १९९३च्या पटकथेवर काम केलं होतं.

"मग हा पॉइंट कुणाचा?"

मी माझ्या खात्यात टाकलाय. त्याने त्याच्या.