आते, बांगडे आणि एक रिकामी कबर

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आते येऊन चार दिवस झाले आणि मासे आणायचं खातं माझ्या हातून गेलं.

विमानतळावरून मलेशियातल्या मलाक्याला, म्हणजे माझ्या घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेलमाडांच्या बागा लागल्या, संपता संपेनात. "ह्ये माड असे ठेंगणे कित्याक? नारळ खंय आसत?" हे नारळाचे नव्हेत, तेलाचे, असं सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. वेंगुर्ल्याच्या बाईला माडाच्या नावाखाली फसवल्याचा राग होता तो.

आज बाजारात मात्र तिला कुणी फसवू शकलं नाही. इथे बांगड्याला कम्बुंग म्हणतात, सुरमईला तंगिरी, पापलेटला बावाल. आतेला यातलं एकही नाव लागलं नाही. तिने सरळ कल्ला उघडला, पोटावर बोट दाबलं, मान हलवली आणि पुढच्या गाळ्याकडे वळली. तिथली डोक्याला स्कार्फ बांधलेली माकचिक (म्हणजे मावशी; इथे सगळ्या विक्रेत्या बायका माकचिक) हे सगळं बघत होती. तिने वरची टोपली बाजूला सारून बर्फाखालची दुसरी टोपली ओढली. दोघींमध्ये एक शब्द झाला नाही. मी तीन वर्षं त्या माकचिककडून वरच्या टोपलीतले बांगडे घेत आले, हे मला आज कळलं.

संध्याकाळी त्याच बांगड्यांचं आसम पदास केलं. आसम म्हणजे आंबट, पदास म्हणजे तिखट; नावातच सगळं सांगून मोकळे. चिंच, सुक्या मिरच्या, भेंडी, बुंगा कान्तान नावाची गुलाबी कळी आणि कसुमची पानं. खोबरं नाही. काही घरांत चिंचेऐवजी आसम कपिंग घालतात, म्हणजे एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. ते झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं. आतेने एक चकती चाटून पाहिली आणि निकाल दिला, "सोलांचो चुलतभाव." आसम पदासबद्दलही निकाल लागला: तिरफळं हवी होती. पण भात दोनदा घेतला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लाल चौकात. पाहुणे आले की इथे यावंच लागतं. सजवलेल्या सायकलरिक्षा, प्रत्येकीवर गुलाबी मांजरीची बाहुली, प्रत्येकीचा स्पीकर वेगळं गाणं ओरडतोय. मला हा चौक आवडत नाही, पण मागच्या इमारतीपुढे मी दरवेळी थोडी रेंगाळते. श्टाटहाउस, १६५० च्या सुमारास डचांनी बांधलेलं गव्हर्नरचं घर नि कचेरी. शेजारी त्यांचंच १७५३ सालचं क्राइस्ट चर्च. आज दोन्ही गडद लाल आहेत. मुळात भिंती पांढऱ्या होत्या, लाल रंग पुढे इंग्रजांच्या काळात आला. म्हणजे ज्या लाल रंगासाठी लोक इथे फोटो काढतात तो डचांचा नव्हेच.

"ह्ये डच म्हणजे आमच्या वखारीवाले?" आतेने विचारलं.

तेच, आते. अगदी तेच.

वेंगुर्ल्याला आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर डच वखार आहे. आहे म्हणजे भिंती आहेत, छप्पर नाही, झाडोरा आहे. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायला जायचो आणि हीच आते मागून ओरडायची, "थंय जाव नको, किरडवां आसत!" किरडवां म्हणजे साप. शाळेत त्या वखारीवर एक वाक्य होतं. आम्ही ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो.

मलाक्यात राहायला आल्यावर मला त्या वाक्याचं उरलेलं अर्धं सापडलं. डचांनी वेंगुर्ल्याची वखार १६३७ च्या सुमारास विजापूरकरांच्या परवानगीने घातली. त्याच वर्षांत त्यांची जहाजं हंगाम आला की गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसत, आणि त्यांचा दाणापाणी नि पोर्तुगिजांच्या हालचालींच्या बातम्या वेंगुर्ल्याहून पुरवल्या जात. गोव्याचे हात असे बांधलेले असताना इकडे डचांनी मलाक्याला वेढा घातला. लांबलेल्या वेढ्यात गावात उपासमार झाली, रोगराई पसरली आणि १४ जानेवारी १६४१ ला पोर्तुगिजांचं मलाका पडलं. गोव्यातून वेळेवर पुरेशी मदत आलीच नाही. त्या न आलेल्या मदतीच्या हिशोबात आमच्या गावचं पाणी नि तांदूळही धरावे लागतात.

त्याआधीचा धागाही गोव्याचाच. पोर्तुगिजांच्या अल्बुकर्कने गोवा जिंकला नोव्हेंबर १५१० मध्ये, आणि वर्ष भरायच्या आत, ऑगस्ट १५११ मध्ये, मलाका. लुटीने भरलेलं त्याचं जहाज परत जाताना सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्या जहाजाची प्रतिकृती आज नदीकाठी संग्रहालय म्हणून उभी आहे. बुडालेल्या जहाजाचं तिकीट काढून आत जायचं. आते नको म्हणाली. गुडघे.

घरी येताना गाडीत म्हणाली, "आमच्या वखारीक असो रंग काढल्यानी असतो तर?" मी काही बोलले नाही. रंग काढला असता तर कडेला गुलाबी मांजरीची रिक्षाही आली असती.

३० नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी उजोंग पासिरच्या पोर्तुगीज वस्तीत गेलो. समुद्राला लागून छोटी घरं, रस्त्यांना अल्बुकर्क, तेशेरा, सेकेरा अशी नावं. विखुरलेल्या युरेशियन, म्हणजे मिश्र वंशाच्या, कोळी कुटुंबांना एकत्र जागा मिळावी म्हणून दोन पाद्र्यांच्या खटपटीने १९३० च्या दशकात ही वस्ती उभी राहिली. पोर्तुगीज सत्ता जाऊन जवळजवळ चारशे वर्षं होत आली तरी म्हातारी माणसं अजून क्रिस्तांग बोलतात, म्हणजे जुन्या पोर्तुगीजला मलय वळण लागून झालेली बोली. नाताळच्या माळा आताच चढायला लागल्यात. एका अंगणात एक आजोबा शिडीवर चढून तारा लावत होते आणि खालून त्यांची बायको सूचना देत होती. भाषा कळली नाही, सूर नीट कळला.

पोर्तुगिजांनी जाताना भाषेत काय काय टाकलंय, याचा मला इथे नादच लागलाय. मलाक्यात आगीच्या बंबाच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत 'बोम्बा' लिहिलेलं असतं. आपला बंब आणि त्यांचा बोम्बा, दोन्ही पोर्तुगीज. रात्रीच्या बाजारात फेरीवाले "लेलोंग, लेलोंग" ओरडतात. लिलाव! आपलाही शब्द त्याच गोणीतून आलेला. आते म्हणाली, मग तुवालो? तोही. मलयमध्ये तुआला. तिला इतका आनंद झाला की तिने समोरून जाणाऱ्या बाईला खांद्यावरचा टॉवेल दाखवून "तुवालो" म्हणून पाहिलं. बाईला वाटलं, टॉवेल विकायचाय.

(संस्कृतवाले शब्द तर वेगळेच. मलयमध्ये कपाला म्हणजे डोकं, आपलं कपाळ. त्यामुळे 'कारी कपाला इकान', माशाच्या डोक्याची आमटी, हे नाव मला दरवेळी कपाळमोक्षाची आठवण करून देतं. विजेच्या खांबावर 'बहाया' लिहिलेलं असतं, म्हणजे धोका, म्हणजे भय. आणि लेकाच्या शाळेत तो शिकतो ती बहासा.)

जेवायला करी देबाल, मोहरी नि व्हिनेगरची झणझणीत कोंबडी. इथल्या नाताळच्या जेवणात ती हवीच. आतेने मी करते त्या कोंबडीशी तुलना केली आणि इथलीच बरी म्हणाली. असो.

२ डिसेंबर, मंगळवार

मंगळवार म्हणून गणपती. सोनार आळीत, म्हणजे जालान तुकांग अमासवर, पोय्याथ विनायगर मूर्तीचं देऊळ आहे. १७८१ सालचं. जागा डचांनीच एका चेट्टी पुढाऱ्याला दिलेली. हे मलाक्याचे चेट्टी म्हणजे पोर्तुगिजांच्या आधी, इथल्या सल्तनतीच्या काळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. इथल्या बायकांशी लग्नं करून घरात मलय बोलू लागले, बायका सारोंग-कबाया नेसू लागल्या, पण देव तेच राहिले. त्याच रस्त्यावर काही पावलांवर १७४८ ची कांपुंग क्लिंग मशीद, तिचा मिनार थेट पॅगोड्यासारखा, आणि पलीकडे चेंग हून तेंग हे चिनी देऊळ. आतेने तिन्ही ठिकाणी हात जोडले. मशिदीपुढे आधी थबकली, मग म्हणाली, "जोडूक काय जाता?"

पुढे जोंकर स्ट्रीट. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी तिथे बाजार भरतो आणि पाय ठेवायला जागा नसते. लोकांना तेच आवडतं, मला मंगळवारची रिकामी गल्ली आवडते. एका दुकानात चेंदोल घेतलं: किसलेला बर्फ, पंदानच्या रसातल्या हिरव्या शेवया, नारळाचा रस आणि वरून गुला मलाका, म्हणजे माडाच्या नीरेपासून केलेला काळपट गूळ. पूर्वी तो बांबूच्या नळकांड्यांत घालून थिजवत, म्हणून त्याचा आकार अजून लांबट गोल.

आतेने पहिला चमचा तोंडात घातला आणि चमचा तसाच धरून बसली.

"ह्ये शिरवाळे! शिरवाळे बर्फात घातल्यानी!"

आमच्याकडे तांदळाचे गरम शिरवाळे साच्यातून पाडायचे आणि नारळाच्या गूळ घातलेल्या रसात बुडवून खायचे. शिरवाळे पाडायला दोन माणसं लागतात, एकाचा जोर नि दुसऱ्याचा धीर. काकांचा जोर होता. काका गेल्यापासून आतेने शिरवाळे केले नाहीत, हे मला माहीत होतं. तिने वाटी संपवली आणि गुळाच्या सहा कांड्या घेतल्या.

३ डिसेंबर, बुधवार

आज सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. गोव्यात जुन्या गोव्याला गर्दी असेल. आमच्याकडे सगळे त्याला 'गोयचो सायब'च म्हणतात, हिंदू काय नि ख्रिस्ती काय. गेल्या वर्षी शवप्रदर्शन झालं तेव्हा आते वेंगुर्ल्याहून एसटीने जाऊन रांगेत उभी राहिली होती. दहा वर्षांनी एकदा येतं, पुढच्या वेळी मी आसान काय नसान, म्हणून.

म्हणूनच सेंट पॉलची टेकडी मी आजच्यासाठी राखून ठेवली होती. सकाळी लवकर गेलो, ऊन चढायच्या आत. शंभरेक पायऱ्या, तीन वेळा बसून. वर छप्पर नसलेलं चर्च. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी बांधलेलं, डचांनी आपलं केलं, खाली त्यांचं नवं चर्च झाल्यावर सोडून दिलं, इंग्रजांनी त्यात दारूगोळा साठवला. भिंतींना माणसाएवढ्या कोरीव दगडी थडग्यांच्या शिळा टेकवून ठेवल्यात, वर आभाळ. आते आत शिरताच म्हणाली, "वखार."

मधोमध लोखंडी जाळी आणि जाळीखाली रिकामा खड्डा. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारला. पुढच्या वर्षी त्याचं शव मलाक्याला आणून इथे पुरलं. काही महिन्यांनी उकरलं तर म्हणे शरीर जसंच्या तसं. मग ते गोव्याला गेलं, १५५४ मध्ये पोचलं आणि तिथलंच झालं.

मी हे सगळं सांगितलं. आते जाळीला धरून वाकली. खाली काही नाणी पडलेली.

"सायबाक हयच पुरल्यानी?"

"हो."

"मगे खंय नेल्यानी?"

"आपल्याकडे."

ती हसली. एका वर्षात दोन्ही टोकं बघून झाली होती तिची. तिकडे सहा तासांची रांग, इकडे आम्ही दोघी आणि एक झाडूवाला.

बाहेर सायबाचा पांढरा पुतळा आहे, १९५२ साली बसवलेला. उजवा हात मनगटापासून पुढे नाही. पुतळ्याला आशीर्वाद दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर सुरूचं झाड पडलं आणि हात तुटला, असं सांगतात. खऱ्या शवाचाही उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला नेलेला. आतेला रोमचं नवल वाटलं नाही, सुरूचं वाटलं. "सुरू हयपण आसा?" सुरूच्या बनात आमचं अर्धं बालपण गेलं, त्यामुळे तिने पुतळ्याला सोडून आजूबाजूची झाडं तपासायला सुरुवात केली.

टेकडीवरून समुद्र दिसतो, पण लांब. पूर्वी तो टेकडीच्या पायथ्याशी होता. मग भराव घालत घालत त्याला मागे ढकललं आणि त्या जागेवर मॉल नि हॉटेलं उभी राहिली. संध्याकाळी मीच तिला भरावाच्या बेटावरच्या सामुद्रधुनी मशिदीपाशी नेलं. भरतीला ती पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते. क्षितिजावर जहाजांची रांग. पाणी मात्र ताटातल्यासारखं स्थिर.

आतेने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो काय समुद्र? लाट खंय आसा? ही खाडी गो."

१८ डिसेंबर, गुरुवार

आते सुखरूप पोचून आठवडा झाला. गुळाच्या सहा कांड्यांपैकी चार शेजारी वाटल्या, दोन राखल्यात. शिरवाळे पाडायला शेजारचा मुलगा येणार आहे.

आज दुपारी तिचा एक फोटो आला. वखारीचा. दाराची कमान, तिच्यावर पिंपळाचं रोपटं, उंबऱ्यापाशी गवत, आणि कोपऱ्यात आतेच्या चपलेचं टोक. खाली व्हॉइस मेसेज: "तू म्हणालंस म्हणान गेलंय. आत गेलंय नाय. किरडवां आसत."