कच्छमध्ये जमीन घेतली, त्याची गोष्ट

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आमच्या घरात कुणाच्या नावावर शेतजमीन नाही आणि कधी नव्हती. आजोबा-पणजोबा सगळे संस्थानच्या नोकरीत. हे आधीच सांगते, कारण कच्छमध्ये जमीन बघायला लागल्यावर पहिला प्रश्न हाच आला: "बेन, तुम्ही खातेदार आहात का?" गुजरातेत जो खातेदार शेतकरी नाही, त्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही.

कच्छच का, असं सगळ्यांनी विचारलं. २००१ च्या भूकंपानंतर पुनर्बांधणीच्या कामावर ह्यांची भुजला बदली झाली होती आणि मी मुलांना घेऊन तिथे राहिले. तिथली थंडीतली सकाळ, मोकळी क्षितिजं आणि परक्याच्या तोंडाकडे बघून आधी पाणी पुढे करणारी माणसं मला आवडली ती कायमची. निवृत्तीनंतर हिवाळ्याचे महिने तिथे राहायचं, लहानसं घर आणि चार खारकांची झाडं लावायची, एवढीच इच्छा होती. सयाजीनगरी एक्स्प्रेस रात्री बडोद्याहून धरली की सकाळी भुज. अंतराची भीती नव्हती, कागदांची होती.

कच्छचा कूळकायदा उरलेल्या गुजरातपेक्षा वेगळा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. १९५६ ला कच्छ आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले आणि त्या दोघांसाठी मिळून १९५८ चा एक कायदा झाला. राज्यं वेगळी झाली तरी कच्छमध्ये तोच चालू राहिला. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्याची बंदी त्याच्या कलम ८९ मध्ये आहे. नागपूरच्या माझ्या आतेभावाला हे सांगितलं तेव्हा तो चकित झाला. त्यांच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी हा कायदा अजून आहे.

म्हणजे आमच्यासाठी सरळ रस्ता एकच, बिनशेती झालेली जमीन. इथे दलाल लोक फार गोड बोलतात. खावड्याचा सौरऊर्जा प्रकल्प, मुंद्र्याचं बंदर, नर्मदेचा कालवा ही तीन नावं घेतल्याशिवाय कुणी प्लॉट दाखवत नाही. एकाने तर सरळ शेतजमिनीचे तुकडे 'फार्म प्लॉट' म्हणून दाखवले. दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, नंतर होईल, आत्ता नोटरीकडे बानाखत (विक्रीचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र करून घेऊ, असं त्याचं म्हणणं. बिगरखातेदाराला अशा कागदावर पैसे दिल्यावर हातात काहीही राहत नाही. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, आणि तो उद्या वारला की त्याचे वारस दाराशी उभे. आम्ही तिथूनच परतलो.

पुढे भुजचे एक वकील मिळाले. त्यांनी मला सातबारा वाचायला शिकवलं, आणि हे प्रत्येकाने शिकावंच. 'एनी आरओआर' या सरकारी संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की नमुना ७, ८-अ आणि नमुना ६ घरबसल्या दिसतात. जुने हाताने लिहिलेले उतारेसुद्धा स्कॅन करून ठेवलेत. बहुतेक लोक सातबाऱ्यावर मालकाचं नाव बघून थांबतात. वकीलसाहेबांनी आधी बोट ठेवलं ते सत्ताप्रकारावर, म्हणजे भूधारणेच्या प्रकारावर. तिथे 'प्र.स.प.' म्हणजे प्रतिबंधित सत्ताप्रकार असेल, तर ती नव्या शर्तीची जमीन. बहुतेक वेळा सरकारने कधीतरी भूमिहीनाला दिलेली. ती विकायला कलेक्टरची परवानगी आणि प्रीमियम, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, लागते का, हे आधी तपासावं लागतं. कच्छमध्ये अशा सांथणीच्या, म्हणजे सरकारने वाटलेल्या, जमिनी पुष्कळ आहेत. 'बोजा' या रकान्यात बँकेचं किंवा सेवा मंडळीचं (गावच्या सहकारी सोसायटीचं) कर्ज दिसतं.

खरी माहिती मात्र नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदींमध्ये असते. आम्ही पसंत केलेल्या बिनशेती जमिनीच्या सगळ्या नोंदी मी वहीत उतरवून काढल्या. त्यात एका वारसाई नोंदीत तीन भाऊ आणि एक बहीण होती. पुढच्याच नोंदीत बहीण नाही. 'हक्क कमी केला' एवढंच लिहिलेलं, पण तिच्या सहीचा कागद फाईलमध्ये सापडेना. विकणारे म्हणाले, ती लग्न होऊन मुंबईला गेली, तिचा काय संबंध? संबंध होता. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुणा बाईचं नाव असं गुपचूप पुसलेल्या जमिनीवर मला घर बांधायचं नव्हतं. मी स्पष्ट सांगितलं, ताई येऊन सही करतील आणि त्यांना त्यांचा वाटा मिळेल, तरच व्यवहार. भाऊ नाराज झाले, पण शेवटी त्यांनी बोलावून घेतलं. त्या मुलुंडला राहणाऱ्या. उपनिबंधक कार्यालयाच्या बाकावर माझ्याशी अस्खलित मराठीत बोलल्या, "वहिनी, माझ्या नावाचं कुणी विचारलं तरी." आणि चेक पर्समध्ये ठेवून पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

जमीन स्वतः बघायला आम्ही मुद्दाम वैशाखात गेलो. पावसानंतर कच्छ हिरवं दिसतं आणि दलाल तेव्हाच बोलावतात. आमचा प्लॉट भुजहून नखत्राण्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात. उन्हाळ्यात तिथे फक्त गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, हिरवा असतो, आणि तो उपटून काढणं हा वेगळा खर्च. मुळासकट निघाला नाही तर पहिल्या पावसात परत फुटतो. तिथे उभं राहून आकाशाकडेही बघावं. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांमुळे उच्च दाबाच्या तारा सगळीकडे चालल्यात, आणि तारांच्या पट्ट्याखाली बांधकाम होत नाही. एक चांगला प्लॉट आम्ही केवळ त्यामुळे सोडला.

पाण्यासाठी शेजारच्या वाडीतल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला दिलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला २४०० मिलिग्रॅमच्या घरात निघाला. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे हे पाणी पिण्यासाठी नाही. खारकेची झाडं मात्र खारं पाणी सोसतात. नर्मदेच्या कालव्याबद्दल दलाल काय सांगतो त्यापेक्षा ग्रामपंचायतीत जाऊन नळ कुठल्या गल्लीपर्यंत आलाय ते विचारावं. आम्ही तलाट्यांना तेच विचारलं आणि नकाशावर खूण करून घेतली.

बिनशेतीचा हुकूम आहे म्हणजे सगळं झालं असं नाही. हुकूम रहिवासासाठी आहे की दुसऱ्या कशासाठी, ले-आऊट मंजूर आहे का, आतला रस्ता कागदावर कुणाचा, आणि मुख्य म्हणजे मोजणी खात्याकडून कमी-जास्ती पत्रक (प्लॉटवार मोजणीची नोंद) झालंय का, हे बघावं लागतं. ते झाल्याशिवाय प्लॉट फक्त जाहिरातीच्या पत्रकावर असतो, दप्तरात नाही. आमच्या विक्रेत्यांचं ते राहिलं होतं. ते म्हणत होते, दस्तावेजानंतर करून देतो. वकिलांनी ऐकलं नाही आणि त्यात बराच काळ गेला. तेवढ्यात भुजच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन घेतली. कुणी हरकत घेतली नाही.

दस्तावेज त्या मानाने लवकर आटोपला. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, जंत्री (सरकारी दर) किंवा प्रत्यक्ष किंमत यातल्या मोठ्या आकड्यावर. नोंदणी फी १ टक्का, पण खरेदीदार फक्त बाई असेल तर ती माफ, म्हणून जमीन माझ्या एकटीच्या नावावर आहे. मोकळ्या प्लॉटचा अक्षांश-रेखांशासह फोटो दस्तावेजात लावावा लागतो. त्यासाठी ह्यांनी भर उन्हात उभं राहून समोरून आणि बाजूने फोटो काढले. दस्तावेजानंतर फेरफार नोंद पडते, संबंधितांना कळवणारी १३५-ड ची नोटीस निघते, हरकतीसाठी तीस दिवस ठेवतात आणि मग नोंद प्रमाणित होते. प्रमाणित झालेल्या नोंदीची प्रत आली तेव्हा सासूबाईंनी ती देवापुढे ठेवली.

आता घराच्या नकाशाचं काम चालू आहे. भाग भूकंपाच्या पाचव्या झोनमधला, त्यामुळे एकच मजला आणि जोत्यापासून छतापर्यंत पट्टे बांधलेलं बांधकाम. पिण्यासाठी पावसाचं पाणी साठवायचंय. शंभर चौरस मीटर छतावर वर्षाला ३५० मिलिमीटर पाऊस धरला तर हिशेबाने ३५,००० लिटर पाणी होतं; गळती आणि बाष्पीभवन वजा करून २८,००० धरलंय. दोघांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला तीस लिटर लागलं तरी ते दोन वर्षांहून जास्त पुरेल, आणि कच्छमध्ये एखादा पावसाळा कोरडा जातोच. म्हणून टाकं तीस हजार लिटरचंच करायचं, आणि घराच्या आधी करायचं, असं ठरलंय.