छपाईसाठी पीडीएफ काढताना

आज एका पुस्तकाची इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधील पाने छपाईसाठी पीडीएफमध्ये काढली, आणि हे काम मजकूर लावण्याइतकेच निगुतीने करावे लागते, असे मला मनापासून वाटते. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेला भाग, आहे ना, हे लवकर पाहून झाले. चित्रांचे रिझोल्यूशन तपासताना मात्र मूळ फाइलीचा आकडा पाहून भागत नाही, कारण ३०० पीपीआयचे (दर इंचाला ३०० पिक्सेल) चित्र पानावर दुप्पट मोठे केले की ते १५० पीपीआयच उरते.

सर्वाधिक वेळ काळ्या रंगाने घेतला. वर्डमधून आलेला मजकूर स्क्रीनवर काळाच दिसत होता. परंतु प्रत्येक शाई वेगळी दाखवणाऱ्या सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये काळी प्लेट, म्हणजे काळ्या शाईचा थर, बंद केल्यावरही काही परिच्छेदांची अक्षरे दिसत राहिली, म्हणजेच ती छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या अशा चारही शाईंत विभागली गेली होती. अशा बारीक अक्षरांत एखादी प्लेट केसभर जरी सरकली, तरी वेलांटी आणि अनुस्वार यांच्या कडेला रंगीत छटा उमटते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो, म्हणून तो सारा मजकूर केवळ काळ्या शाईच्या १०० टक्क्यांवर आणला.

छपाईच्या पीडीएफचे दोन मानक प्रकार आहेत, त्यांपैकी पीडीएफ/एक्स-१ए द्यायची की एक्स-४, हे छापखान्याला विचारूनच ठरवावे. पहिल्या प्रकारात पारदर्शकता सपाट करावी लागते, म्हणजे एकमेकांवरचे पारदर्शक भाग एकत्र मिसळून टाकावे लागतात, दुसऱ्यात ती तशीच ठेवता येते. फॉन्ट दोन्हींत अंतर्भूत असावेच लागतात, तरीही जोडाक्षरे पाहण्यासाठी मी तयार पीडीएफ अ‍ॅक्रोबॅटमध्ये पानोपान वाचली. फाइल पाठवली आहे. आता प्रूफची वाट पाहत आहे.