बिनबैलाचा पोळा

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्याकडच्या मित्रांना हे सांगितलं की ते विचारतात, "उलटं ना?" उलटं नाही. विदर्भात भाच्याचा मान मोठा, मग तो भाचा गणितात नापास का झालेला असेना. बाकीचे मामा लग्नाकार्यात घाईघाईनं वाकून मोकळे होतात. माझा धाकटा मामा मात्र दारव्ह्याच्या बसस्टँडवर, भर बाजाराच्या दिवशी, मी येष्टीतून उतरलो की पिशवी बाजूला ठेवून सरळ लोटांगण घालायचा. मी तेव्हा अकरावीत. मागून कॉलेजच्या पोरी उतरत असायच्या. "महाराज, गनितात गचकले तवापासून दर्शनच नाही!" हे खालून, धुळीतून, गावभर ऐकू जाईल अशा आवाजात.

माझ्याहून नऊ वर्षांनीच मोठा होता. त्यामुळे मामा कुठं संपतो आणि दोस्त कुठं सुरू होतो, ते मला कधी कळलं नाही. माझी पहिली बिडी त्यानंच पेटवून दिली आणि संध्याकाळी माझ्या आईला ती गोष्ट साभिनय सांगितलीही त्यानंच. ठसका कसा लागला, डोळे कसे पांढरे झाले, सगळं. मार मला पडला, हसू घरभर पसरलं.

तो माघात गेला. पहाटे उठून चहा मांडायला सांगितला आणि चहा होईस्तोवर काही थांबला नाही. आयुष्यात चहा सोडून उठल्याची ही त्याची पहिलीच वेळ. तेरवीला पंगतीत कोणीतरी शकुंतलेचा किस्सा काढला आणि वाढणारे पोट्टे बुंदीचं घमेलं खाली ठेवून हसायला लागले. शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी गाडी. 113 किलोमीटर जायला अख्खा दिवस खायची. 1994 साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, तरी चाल तीच. चालत्या गाडीतून उतरून, लघवी करून परत चढल्याचा विनोद प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात. मामाचा दावा असा की इतरांनी तो ऐकलेला असतो, केलेला आपणच. "अन् चढल्यावर मास्तरनं तिकीट मांगलं. मी म्हनलं, मधात पायी आलो, तेवढे पैसे वापस द्या."

पण मामाचा खरा दिवस पोळ्याचा. तोरणाखाली सजवलेले बैल उभे राहतात आणि पोळा फुटायच्या आधी झडत्या होतात. एकानं यमक जुळवून चार ओळी फेकायच्या, कोणाची तरी टोपी उडवायची, आणि शेवटी सगळ्यांनी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" म्हणून गर्जायचं. मामाच्या झडतीतून सरपंच सुटला नाही, सोयाबीन सुटलं नाही, माझे वडील तर नाहीच. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची इडापीडा बाहेर काढायचा दिवस. पोरं "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत" ओरडत पळसाच्या डहाळ्या गावाबाहेर फेकायला निघायची. वडील सासुरवाडीला मुक्कामी असले की त्या घोळक्यातून हमखास एक जाडा आवाज यायचा: "जवाई घेऊन जा गे मारबत!"

पुढं त्यानं बैलजोडी विकली. का विकली, ते झडतीत आलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या वर्षी खांदेमळणीच्या संध्याकाळी, बैलांच्या खांद्याला लावायचं ते हळद-तूप त्यानं शेजारच्या ट्रॅक्टरच्या बोनटला चोळलं आणि हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. डिझल तुमचं तुम्ही आना." दुसऱ्या दिवशी नुसता कासरा खांद्यावर टाकून हा तोरणाखाली, बैलांच्या रांगेत, दोन जोड्यांच्या मधल्या जागेत उभा. कोणी हटकलं तर म्हणे, "बैल रजेवर हाये, त्याच्या बदल्यात मी." मग पाच-सहा वर्षं ती जागा त्याचीच.

यंदा गेलो होतो. जोड्या आधीच कमी झाल्यात, तरी रांगेत ती एवढी जागा आपोआप सुटलेली होती. त्याच्या झडत्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत. मी तेरवीनंतर वहीत उतरवायला बसलो होतो. चार-पाच आठवल्या, पण कागदावर त्या वाळल्या शेंगांसारख्या दिसायला लागल्या. कोणाकडे बघून म्हटली, कुठं थांबला, हे कसं लिहायचं? यंदा तोरणाखाली शेवटी एका पोट्ट्यानं घसा खाकरून मामाचीच गाजलेली झडती टाकली:

"पेरलं सोयाबीन अन् पाऊस गेला गावी,
बँकेच्या सायबाले काय इस्टेट दावावी?
घरात एक मांजर अन् एक हाये बायको,
इले ने सायबा, पन मांजर नेऊ नोको!"

हर बोला झालं. हसणंही झालं, पण जरा आवरून.

पोळा फुटल्यावर शेजारची जोडी पूजेला दारात आली. तोच पोट्टा कासरा धरून. मामी ताट घेऊन बाहेर आली. चाळीस वर्षांत मी तिला मामाच्या विनोदावर हसताना पाहिलं नव्हतं. तो बोलायला लागला की ती तांदूळ निवडायला घ्यायची. पोट्ट्याला राहवलं नाही. "मामी, काकाजीची झडती म्हनली आज. मांजरीची."

मामीनं बैलांच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास भरवला.

"गावात तसं म्हने," ती बैलाकडे बघत म्हणाली. "रातभर घरी घोकत बसे, तवा 'मांजर ने सायबा, पन इले नेऊ नोको' असं म्हने. मीच म्हनलं, असं म्हनसान तं लोक हासतीन का? फिरवा."

मग ती माझ्याकडे वळली. "बाबू, तुह्याजवळ सुटे हायेत का? याले बोजारा द्या लागते."